न आलेलं जावळ

“बहीण पूर्ण मॅच आहे, मॅडम. पुढच्या सोमवारी बाळाला ट्रान्सप्लांटसाठी आत घेतो,” आमच्या ट्रान्सप्लांट विभागाचे प्रमुख डॉ. रघुनाथन फोनवर म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद मावत नव्हता. मला मात्र त्यांना थांबवायचं होतं.

मी मूळची साताऱ्याची. चेन्नईच्या एका हॉस्पिटलात इम्युनॉलॉजी लॅब सांभाळते. हे बाळ न्यूमोनियातून उठत होतं आणि परत पडत होतं. त्याचं रक्त आम्ही फ्लो सायटोमीटरवर घातलं. हे मशीन पेशी एकेक करून मोजतं आणि कोणती पेशी कोणत्या जातीची ते सांगतं. रोगांशी लढणाऱ्या पेशींपैकी बी पेशी ठीक होत्या. टी पेशी जवळजवळ नव्हत्याच. त्या नसल्या की साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतते.

हा दोष जन्मजात. बहुतेक बाळांत तो हाडांच्या मज्जेत असतो, म्हणून दुसऱ्याची मज्जा देतात. पण मज्जेत जन्मतात त्या कच्च्या पेशी. त्या छातीतल्या थायमस नावाच्या ग्रंथीत जातात आणि तिथे त्यांच्या टी पेशी होतात. थायमसच नसेल, तर नवी मज्जा घालून फारसं काही साधत नाही. शिवाय जुनी मज्जा मारायला आधी केमो द्यायची, ती वेगळीच.

माझ्या मनात शंका आली ती त्या दिवशी सकाळी. बाळाची आई सरोजा तंजावरकडच्या मराठी घरातली, नवरा चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या फॅक्टरीत. वॉर्डात मराठी बोलणारी मी एकटीच, म्हणून मी दिसले की ती बोलायला थांबायची. बाळाच्या डोक्याला चंदन, काजळाने रेखलेल्या भुवया, गालावर तीट. इकडे कुलदैवताला जाऊन बाळाचं जावळ काढतात, त्याला मोट्टै म्हणतात, आणि मग डोक्याला चंदन फासतात. वॉर्डातली निम्मी बाळं अशीच दिसतात.

“मोट्टै कुठल्या देवळात केलं?” मी आपलं सहज विचारलं.

“मोट्टै केलंच नाहीं, अक्का. केसच आले नाहींत. लोक विचारतात, म्हणून पाटी चंदन लावते.” पाटी म्हणजे आजी.

मी ओल्या कापसाने काजळ पुसलं. खाली भुवई नव्हती. केस आणि थायमस, दोन्ही घडवणारं एक जनुक आहे. ते बिघडलं की दोन्ही जातात.

हेच मी फोनवर सरांना सांगितलं.

“मॅडम, तीन डॉक्टरांनी तपासलंय त्याला!”

“चंदन न पुसता तपासलंय, सर. मज्जेचं सॅम्पल द्या. त्यातल्या कच्च्या पेशी लॅबमध्ये कृत्रिम थायमसवर वाढवून बघते. टी पेशी झाल्या, तर मज्जा निर्दोष, दोष थायमसचा.”

“किती वेळ लागेल?”

“काही आठवडे.”

“आणि तेवढ्यात इन्फेक्शन झालं तर?”

“होऊ शकतं, सर, पण थायमसच नसेल तर केमोने तो धोका वाढेलच.” मग सर सॅम्पल पाठवतो म्हणाले.

ते आठवडे वाईट गेले. रोज लॅबमधला पेशी वाढवायचा इन्क्युबेटर उघडताना मनाशी म्हणायचे, आज काही दिसू नये. पेशी वाढल्या नाहीत तर बहिणीची मज्जा उपयोगाची होती. पण पेशी वाढल्या, भरभरून टी पेशी झाल्या. इतकी छान प्लेट आमच्या लॅबने क्वचितच पाहिली असेल. जनुकाच्या रिपोर्टनेही तेच सांगितलं: केस आणि थायमस घडवणारं ते जनुक बिघडलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरोजा म्हैसूरपाकचा डबा घेऊन लॅबच्या दारात उभी. रिपोर्टची कॉपी तिला वॉर्डात मिळाली होती. ती शाळेत शिकवते, इंग्रजी वाचता येतं. मज्जेपुढे ‘नॉर्मल’ लिहिलेलं तिने वाचलं होतं.

“आधीं तोंड गोड करा, अक्का.”

मी तिला बसवलं. “सरोजा, पीठ उत्तम आंबलंय. पण इडलीपात्रच नाही.”

तिने डबा टेबलावर ठेवला. “मग दुसऱ्याचं आणूं या.”

दुसऱ्याचं थायमस असतंही. लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनमध्ये वाट करायला सर्जन त्याचा तुकडा काढतात. या शहरात तो टाकून देतात. तो तयार करून बाळात बसवणारी केंद्रं परदेशात, तीही मोजकी. सरांनी त्यांना मेल केले, पुन्हा पुन्हा केले. एका ठिकाणाहून होकार आला. तोवर बाळ व्हेंटिलेटरवर होतं. ते तिथून परत आलं नाही.

मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. नको ते ट्रान्सप्लांट टळलं, असं सर म्हणतात. खरंच आहे ते.

आता कुठल्याही बाळाचं सॅम्पल आलं की मी आधी वॉर्डात जाते आणि चंदन पुसून बघते. आज्या रागावतात. आणि ‘नॉर्मल’ रिपोर्ट मी कुणाच्या हाती नुसता जाऊ देत नाही. सोबत स्वतः जाते.