भर दुपारच्या मॅडम

आमच्या आर्किटेक्ट मॅडम कुठलंही घर पहिल्यांदा पाहायच्या ते मे महिन्यात, दुपारी दोनला. नालीत बसलेलं कुत्रंसुद्धा ज्या वेळी डोकं वर काढत नाही, त्या वेळी सत्तरीच्या या बाई तोंडाला दुपट्टा गुंडाळून, प्रताप नगरहून स्वतः स्कूटर चालवत आमच्या फाटकाशी आल्या. मी त्यांना कूलरसमोर बसवायला गेले, तर म्हणाल्या, "बंद कर वं तो. मले तुमचं घर पाहायचं आहे, कूलर नाही."

घर राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं. कुण्या गोऱ्या साहेबानं बांधलेलं, पुढे आजोबांनी विकत घेतलेलं. हातभर जाड भिंती, उंच कौलारू छत, समोर ऐसपैस व्हरांडा. न्हाणीघर मात्र मागे, उघडं अंगण ओलांडून. बाबांची नजर कधीच गेली होती, तरी ते घरभर एकटे फिरत. कुणी हात धरलेला त्यांना खपत नसे. त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला तापलेल्या अंगणात ते घेरी येऊन पडले आणि दादानं जाहीर केलं, आता सोबतीला माणूस ठेवायचा. बाबांनी दोन दिवस ताटाला हात लावला नाही. मागे एक खोली वाढवून न्हाणीघर छताखाली आणायचं, एवढाच मार्ग उरला होता. तो फसला असता तर बाबांचं एकट्यानं चालणं संपलं असतं.

मॅडमनी कितीतरी दिवस कागदावर रेघसुद्धा ओढली नाही. तोच दुपट्टा डोळ्यांवर बांधून त्या बाबांच्या मागोमाग फिरत राहिल्या. एकदा कपाटावर चांगल्याच आदळल्या. बाबा मनापासून हसले. "काहून एवढी घाई करून राहिल्या, बाई?" त्या कपाळ चोळत म्हणाल्या, "शिकून राहिली, भाऊसाहेब. पहिलीत आहे अजून."

दादाला नवी खोली जुन्यासारखीच, कमानीबिमानी काढून हवी होती. मॅडम त्याला म्हणाल्या, "आजाचा कोट घातला म्हणून नातू आजा होत नाही गा." त्यांनी काढलं ते अगदी आजचं होतं: लोखंडाचे बारीक खांब, उत्तरेला मोठी खिडकी, पश्चिमेला उन्हाकडे पाठ केलेली भिंत. जुन्या भिंतीला धक्का लागू नये म्हणून छतात, जुन्या-नव्याच्या मध्ये, काचेची एक पट्टी. तो नकाशा मी पाहतच राहिले. इतकं नवं काही आमच्या म्हाताऱ्या घराला इतकं शोभेल, असं मला वाटलं नव्हतं.

पण एका ठिकाणी त्या चुकल्या. अडखळायला नको म्हणून मागच्या दाराचा सागवानी उंबरठा त्यांनी काढून टाकला होता. खोली झाल्यावर बाबा दाराशी आले, सवयीनं पाय उंच उचलला, आणि खाली उंबरठाच नाही. तोल जाऊन ते चौकटीवर आपटले. "आता माणूस ठेवावाच लागेल," दादा म्हणाला.

सगळ्या मजुरांसमोर मॅडम बाबांच्या पायाशी फरशीवर बसल्या. "चूक माझी आहे, भाऊसाहेब. मी डोळे बांधून फिरली, पण माझे डोळे सोडता येत होते. तुम्हाले वाट दाखवणारी वस्तूच मी काढून टाकली." दुसऱ्या दिवशी त्यांनी दाराजवळची नवी फरशी उखडवली. तोच उंबरठा, त्याच उंचीवर परत बसेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. स्वतःचं काम असं बेधडक मोडणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

गेल्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. त्यांची आठवण निघाली की मला एकच दुपार दिसते. उंबरठा पक्का झाल्यावर बाबा पुन्हा निघाले. दादा हात द्यायला पुढे झाला, तर मॅडमनी त्याचा शर्ट धरून त्याला मागे ओढलं. बाबांनी पाय उचलला, पलीकडे ठेवला, आणि अंगणात उतरताना ऊन लागू नये म्हणून धरत तसा तळहात कपाळावर आडवा धरला. तसेच थोडे पुढे गेले. मग थांबले. हात हळूहळू खाली आला.

"बाई, इथं ऊन होतं न?"

"होतं, भाऊसाहेब," मॅडम म्हणाल्या. "जरासं बाजूले सारलं."