आडनाव पुकारणारे काका

तळवलीच्या मैदानावर बायकांची फुटबॉल मॅच होती. कॉमेंट्री करणाऱ्या काकांना सगळे आडनावानंच ओळखायचे; त्यांचं नाव मला आजही ठाऊक नाही. खांद्यावर टॉवेल, एका हातात माइक, दुसऱ्या हाताचं बोट कायम कानात.

खेळणाऱ्या एका पोरीचं नुकतंच लग्न झालेलं. मैदानाच्या एका बाजूला तिचं माहेर बसलेलं, समोर सासर, आणि दोघांनाही माइकवर आपलंच आडनाव हवं. काकांनी तोडगा काढला. चेंडू घेऊन ती ज्यांच्यासमोर जाईल, त्यांचं आडनाव.

शेवटी तिनं पेनल्टी बाहेर मारली. दोन्हीकडून कोणी ‘आमची’ म्हणेना. काकांनी बेधडक स्वतःचंच आडनाव पुकारलं. मी शेजारीच होतो, वळून त्यांच्याकडे पाहिलं.

माइक झाकून म्हणाले, “पोर चुकली म्हनून काय झालं, तिला घर नको?”