बकरीच्या पाठीवरचा पासवर्ड

साखरा गावच्या जनकाबाई पशुसखी आहेत. म्हणजे गावातल्या शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं, लस टोचायची आणि काय काय केलं ते संस्थेच्या ॲपवर टाकायचं. पहिली दोन कामं त्या डोळे मिटून करतात. तिसऱ्यानं मात्र त्यांच्या नाकी नऊ आणले आहेत.

आधी त्यांचा पासवर्ड साधा होता. लाडक्या शेळीचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. दिवाळीला पुण्याहून आलेल्या लेकीला, दीपमालेला, तो पटला नाही. तिनं फोनमध्ये पासवर्ड सांभाळणारं एक ॲप टाकलं, वीस अक्षरांचा अगडबंब पासवर्ड करून दिला आणि म्हणाली, "आई, तुला काहीच ध्यानात ठेवायचं न्हाई. आपोआप भरतं ते." लाइटबिलाच्या ॲपमध्ये खरंच भरतं. संस्थेच्या ॲपसमोर मात्र ढिम्म बसून राहतं.

त्या मंगळवारी शेजारच्या गावात साथीनं अकरा शेळ्या मेल्याची खबर आली. लसीची गाडी बुधवारी सकाळी निघणार होती आणि मागणी चारच्या आत पोचायला हवी होती. जनकाबाईंनी सकाळीच ऑफिसातल्या प्रमोद सरांना फोन केला.

"सर, लिंबाजीमामाच्या साठ शेळ्या हायेत. साठ डोस लिहून घ्या."

"तोंडी चालत न्हाई बाई. ॲपवरच टाका."

लिंबाजींचं सगळं घर त्या साठ शेळ्यांवर चालतं. जनकाबाई त्यांच्या गोठ्यातच उभ्या होत्या, औषध पाजत. तिथंच त्यांनी ॲप उघडलं. पासवर्ड आपोआप भरला नाही. कॉपी करून चिकटवू म्हटलं तर ते त्या ॲपला चालत नाही. पासवर्डच्या ॲपात जाऊन बघून यावं तर परत येईस्तोवर संस्थेचं ॲप पहिल्या पानावर. आठवून टाकला तो दोनदा चुकला. तिसऱ्यांदा चुकला की दिवसभर कुलूप.

हातात निळा खडू होता. औषध पाजलेल्या शेळीच्या पाठीवर खूण करायची त्यांची रोजची रीत. वही घरी राहिलेली. त्यांनी सरळ एका पांढऱ्या शेळीच्या पाठीवर वीसच्या वीस अक्षरं उतरवली आणि एकेक बघून टाकायला लागल्या. शेळीनं अंग झाडलं.

"मामा, धरा न नीट."

"धरूनच राहिलो बाई. थेच ऐकून न्हाई राहिली."

अखेर ॲप उघडलं. जनकाबाईंनी शेळ्यांच्या संख्येच्या चौकोनावर बोट ठेवलं मात्र, सकाळपासून मेल्यागत पडलेलं ते पासवर्डवालं ॲप जागं झालं आणि त्यानं तिथं त्यांचा मोबाइल नंबर भरून टाकला. घाईत त्यांनी पाठवायचं बटण दाबलं. मग बघितलं. दुरुस्तीची सोय नव्हती. त्यांना रडूच यायचं बाकी राहिलं.

अर्ध्या तासात प्रमोद सरांचा फोन आला. ते हसत होते.

"बाई, साखऱ्यात नऊशे चाळीस कोटी शेळ्या?"

"साठ, सर."

"ऱ्हाऊ द्या. मी वहीत साठ लिहून घेतो. सकाळी गाडी येईल."

फोनकडं कान लावून उभ्या लिंबाजींनी सुटकेचा निःश्वास सोडला. जनकाबाईंचा राग मात्र आता डोक्यात गेला.

"सर," त्या म्हणाल्या, "थे वही सकाळी कुठं होती?"