थोरात सर पोरगी मागायला निघाले

शाळेत नोकरी केली की पगार साठत नाही, किस्से साठतात. त्यांना कपाट लागत नाही, म्हणून कुणी टाकूनही देत नाही. मग कधीतरी कुणी चहाला येतं आणि सहज विचारतं, "काय मॅडम, तुमचे ते फुटबॉलवाले सर काय म्हणतात?" झालं. चहा गार होतो आणि मी सुटते.

फुटबॉलवाले सर म्हणजे आमचे थोरात सर. मंचरजवळच्या आमच्या हायस्कूलात ते खेळ शिकवतात, मी विज्ञान. एका वर्षी सरांच्या डोक्यात मुलींची टीम काढायचं आलं. मी म्हटलं, "मुलांची आहे की, सर." तर म्हणाले, "मुलं काय हो, रस्त्यात डबा दिसला तरी लाथ मारतात. पोरींना कुणी विचारतच नाही."

हेडमास्तरांनी परवानगी दिली, पण अट घालून. जानेवारीतल्या स्पर्धेसाठी अकरा मुली जमल्या तर टीम. नाहीतर मुलींचा खेळाचा तास गणिताला. गणिताचे सर त्या दिवसापासूनच खडू घेऊन दबा धरून बसले.

आता पोरी घरोघर जाऊन मागायच्या. एकट्या पुरुषानं लोकांच्या पोरी मागायला जाणं बरं दिसत नाही, म्हणून सरांच्या मोटरसायकलवर मागच्या सीटला मी. माझ्या नवऱ्यानं विचारलं, "आणि माझ्या रविवारचं काय?" मी म्हटलं, "गणिताच्या सरांना विचारा."

*

पहिलंच घर. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, मीही जरा बरी साडी नेसले होते. तीच चूक झाली.

आम्ही दारात उतरलो न उतरलो तोच घरमालक धावत आले. "या या पावणं, लवकर आलात. रस्ता सापडला ना?" आत सतरंजी अंथरलेली, खुर्च्या मांडलेल्या. सर मला हळूच म्हणाले, "बघा मॅडम, फुटबॉलची किती आवड आहे लोकांना."

पोहे आले. मग चहाचा ट्रे घेऊन साडी नेसलेली, खाली मान घातलेली एक मुलगी आली. सरांनी तिच्याकडं पाहिलं, मग दाराकडं पाहिलं. तिची धाकटी बहीण अंगणात कोंबडीमागं पळत होती. एका झेपेत तिनं कोंबडी धरली.

सर म्हणाले, "आम्हाला ही नको. ती पाहिजे."

आजीच्या हातातली अडकित्त्यातली सुपारी तशीच राहिली. "आवं," ती म्हणाली, "ती आठवीत हाय."

"आठवीतलीच चालेल," सर म्हणाले.

आता मार पडणार हे मला दिसत होतं. मी घाईघाईनं शाळेचं नाव सांगितलं, फुटबॉलचं सांगितलं. घरमालकांनी कपाळाचा घाम पुसला. "फुटबॉल व्हय? मग न्या की राव. आमी किती घाबरलो." इतक्या सहज नंतर एकही पोरगी मिळाली नाही.

आम्ही निघालो तेव्हा थोरलीला बघायला आलेली येडगावची खरी मंडळी गाडीतून उतरत होती. आतून आजीचा आवाज आला, "सूनबाई, पोहे पुन्ना भिजव गं."

*

एका पोरीचं घर उसात होतं. दोन्ही बाजूंनी ऊस आणि मधून पाऊलवाट. आई पदर खोचून उभी. "सर, सराव संपायला अंधार पडतो. बिबट्या परवाच आमच्या गोठ्याला वळसा घालून गेला. मी न्हाई पाठवायची."

"मी स्वतः घरापर्यंत सोडायला येईन, वहिनी."

"आन् तो आला तर?"

"मी आहे ना."

त्या बाईनं सरांकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. पोटापाशी जरा जास्त वेळ थांबली. "तुमी पळणार व्हय?"

"मी कशाला पळू?" सर म्हणाले. "पोरी पुढं निघून जातील. मी मागं राहिलो की त्याचं भागेल."

ती बाई इतकी हसली की तिला ओट्यावर बसावं लागलं. पोरगी मिळाली. पण अट घातली, सरांनी रांगेत शेवटीच चालायचं. ती बाई रोज संध्याकाळी वाटेवर उभी राहून ते तपासायची.

*

बाजी आजोबांचा किस्सा तर मी लग्नकार्यातसुद्धा सांगते.

हे आजोबा बैलगाडा शर्यतीचे वेडे. दारात दोन खिलार बैल, त्यांना दूध, अंडी, रोज मालिश. नात दहावीतली, चांगली उंच. तिचे वडील म्हणाले, "आमचं काय नाय, पण म्हाताऱ्याला विचारा."

सर आजोबांपाशी बसले आणि पोरीचं नावच काढेनात. बैलाला खुराक काय, मालिश कशाची, शर्यतीच्या घाटात मागच्या खेपेला गाडा किती सेकंदात आला. मी घड्याळ बघतेय, सर बैलाच्या खुरांबद्दल विचारतायत. आजोबा खुलले. जाता जाता सरांनी विचारलं, "बाबा, असला बैल पळवलाच नाही, नुसता दावणीला बांधून ठेवला तर?"

"आखडतो. वाया जातो."

सरांनी नुसतं घराच्या दाराकडं पाहिलं. नात तिथं उभी होती. आजोबा बराच वेळ बैलाच्या पाठीवरनं हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन आजोबा ग्राउंडवर हजर. बैलांच्या वाटणीतलं तांब्याभर दूध आता तिला सुरू झालं होतं, हे तिनंच मला सांगितलं. इथवर सगळं छान.

मग एका सरावाच्या मॅचला नातीनं बॉल घेऊन मुसंडी मारली. तशी आजोबांना आपण कुठं आहोत याचा विसर पडला. "भिर्रर्र" करून ओरडत ते लाईनीच्या कडेनं तिच्या बरोबरीनं पळाले आणि गोलजवळ येताच खिशातला भंडारा उधळला. भंडारा गेला गोलकीपरच्या डोळ्यांत. बॉल गेला गोलात.

समोरच्या टीमचे सर तावातावानं आले. आजोबा त्यांना शांतपणे म्हणाले, "घाटात असंच असतंय."

*

गोलकीपर व्हायला मात्र कुणी तयार होईना. सगळ्यांना गोल मारायचे. सरांनी चार जणींना वेगवेगळं बाजूला घेतलं आणि प्रत्येकीला सांगितलं, "दुसरीला सांगू नको. पण टीममधली सगळ्यात हुशार मुलगी आपण गोलात उभी करतो. मी तुझाच विचार करतोय."

दुसऱ्या दिवशी चौघीही हातमोजे घालून आल्या. एकीचे लोकरीचे, एकीचे भांडी घासायचे रबरी, एकीनं भावाचे विकेटकीपिंगचे आणलेले. चौथीच्या हातात वडिलांचे, द्राक्षांवर औषध मारायचे, कोपरापर्यंत. चौघी एकमेकींकडं बघतायत आणि मग चौघी सरांकडं.

मी मागं उभी राहून म्हटलं, "आता सांगा, सर."

सरांना लाज म्हणून नाही. "बघितलंत? चौघीही हुशार निघाल्या."

*

सरांचा एक शब्द ठरलेला होता. "होईल."

एका बापानं विचारलं, "पोलीस भरतीला उपयोग व्हईल का?" सर म्हणाले, "होईल." दुसऱ्या घरी आई म्हणाली, "पोरगी मोबाईल सोडंना झालीय, ते कमी व्हईल का?" होईल. तिसऱ्या घरी विचारलं, अंगात रक्त कमी आहे, वाढेल का? होईल. चौथ्या ठिकाणी एक आजी म्हणाली, "लई उलट बोलती ओ." सर म्हणाले, "होईल, आजी, तेही कमी होईल."

गाडीवर मी न राहवून बोलले, "सर, किती खोटं बोलता हो तुम्ही."

"मॅडम," सर मान न वळवता म्हणाले, "मी फक्त होईल म्हणतो. कधी होईल ते कुठं म्हणतो?"

*

असं करत करत दहा झाल्या. अकरावी मिळेना. सोमवारी नावं द्यायची होती. गणिताच्या सरांनी वेळापत्रकात पेन्सिलीनं बदल करूनही ठेवला होता.

सरांच्या मनात एकच मुलगी होती. नववीतली सोनल. रोज संध्याकाळी ती ग्राउंडच्या कडेला सायकल थांबवायची. एक पाय पेडलवर, एक जमिनीवर. थोडा वेळ बघायची आणि निघून जायची. एकदा बॉल बाहेर गेला तेव्हा तिनं सायकलवरूनच तो परत मारला. बॉल थेट सरांच्या हातात आला. तेव्हापासून सरांना दुसरं काही सुचत नव्हतं.

तिचे वडील ट्रकवर, महिना महिना बाहेर. घर आणि शेत आईच्या अंगावर. मंदाताई त्यांचं नाव. बाई सरळ होती, गोल गोल बोलणारी नव्हती. "सर, पोर खेळली तर मला वाईट वाटंल का? पण कांद्याची लागण तोंडावर आलीय, मजूर मिळंना. शाळा सुटली की तीच माझा दुसरा हात हाय."

सरांनी चहा दोनदा घेतला. स्पर्धेचं सांगितलं, बक्षिसाचं सांगितलं, होईल होईल म्हणून झालं. मंदाताई मान हलवत राहिल्या. सोनल दारात उभी होती. ती आत निघून गेली. मला फार वाईट वाटलं.

येताना मंचरच्या चौकात मला उतरवताना सर म्हणाले, "मॅडम, रविवारी जुनी साडी नेसा."

रविवारी सकाळी मंदाताईंच्या वावरात सर, मी आणि दहा पोरी. मंदाताई बघतच राहिल्या. सर म्हणाले, "सावड समजा, वहिनी. आज आम्ही तुमच्या वावरात राबतो. उद्या तुमची सोनल आमच्या ग्राउंडवर."

"तसलं काय कबूल न्हाई केलं मी," मंदाताई म्हणाल्या. पण रोपं काढून दिली.

आता मी मूळची पुण्यातली. कांदा मला फोडणीपासून पुढं कळतो. पण मलासुद्धा दिसत होतं की काहीतरी चुकतंय. सरांची ओळ बांधापासून निघाली आणि विहिरीकडं वळली. पोरींच्या ओळी एकमेकींना जाऊन भेटत होत्या. बाजी आजोबांच्या नातीनं तर तीन रोपं एकाच भोकात खोचली.

मंदाताई कमरेवर हात ठेवून आल्या. "आवं सर, हे काय? शेतकऱ्याच्याच पोरी ना गं तुमी?"

पोरींनी माना खाली घातल्या. लाजल्या बिचाऱ्या, असं मला वाटलं.

सर हताश होऊन म्हणाले, "काय सांगू वहिनी. ह्यांना कशातच लाईन धरता येत नाही. ग्राउंडवर पण हेच. बॉल एकीकडं आणि ह्या एकीकडं. मी तर थकलो."

"सोनल," मंदाताईंनी हाक मारली, "दाव गं ह्यांना."

सोनल बसली आणि भराभर एक ओळ लावत गेली. सरळ, सारख्या अंतरावर. मंदाताई पोरींच्या मागनं फिरायला लागल्या. हिचा हात धर, तिला रागाव, सरांना दोनदा उठवून परत बसव. आणि काय आश्चर्य, शिकवल्याबरोबर पोरी इतक्या लवकर शिकल्या की दिवस मावळायच्या आत सगळं वावर लागून झालं. वाकड्या ओळीसुद्धा नीट झाल्या.

मंदाताई बांधावर उभ्या राहून बघत होत्या. चेहरा असा खुलला होता, की आधीच्या भेटीतल्या त्या ह्याच का, असं वाटावं. म्हणाल्या, "सर, तुमचं काय खरं न्हाई बगा. एवड्या पोरींत एक तरी अक्कल असलेली पायजे. उद्यापासून माझीला घेऊन जा."

सोनल तेवढ्यात घराकडं पळालीसुद्धा, बूट शोधायला. मला डोळे पुसावे लागले, कांदा कापलेला नसताना.

सोमवारी नावं दिली. गणिताच्या सरांनी खोडरबर मागितलं. संध्याकाळी सर म्हणाले, "चला पेठला माझ्या घरी, जर्सी आणू. बायकोनं नंबर शिवून ठेवलेत." मी इतक्या वर्षांत त्यांच्या घरी पहिल्यांदाच जात होते.

घराचं मागचं दार उघडं होतं. बाहेर वावर, नुकतीच लागण झालेली. या बांधापासून त्या बांधापर्यंत कांद्याच्या ओळी, दोरी धरून आखल्यासारख्या.

"छान लावलंय," मी वहिनींना म्हटलं. "कुणी लावलं?"

"ह्यांनीच," वहिनी चहा गाळत म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचं पसंत पडत नाय ह्यांना. मागल्या आठवड्यात ह्यांच्या फुटबॉलच्या पोरी आल्या व्हत्या मदतीला, लई छान हात त्यांचा. तरी एकीची ओळ बोटभर सरकली, तर उपटून परत लावायला लावली."

मी सरांकडं वळले. सर जर्सी मोजत होते.

"अकरा," ते म्हणाले. "बरोबर आहेत."