अंबूबाईने वेचून दिलेले कांदे

दहिवडीकडच्या त्या वाडीत कांद्याचा विषय निघाला की अंबूबाईपुढे कुणाचं काही चालत नसे. विहिरीला लागून तिचे मोजून चार वाफे, पण तोरा असा की ऊसवाल्यांनी वाट सोडावी. माघात ती बी मुद्दाम दाट फेकायची, म्हणजे कांदे एकमेकांना अडवून बारकेच राहायचे. उन्हाळ्यात ते उपटून, पातीसकट जुड्या बांधून आढ्याला टांगायची आणि दसरा झाला की पुन्हा मातीत खोचायची. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याला पात तिच्याकडची, आणि थंडी सरता सरता, बाकीच्यांची रोपं अजून कोवळी असताना, हिच्या घरात तयार कांदा.

सासूने जाताना दागिना काही ठेवला नव्हता, पण एक गोष्ट सांगितली होती. लावायचा कांदा सुपारीपेक्षा मोठा नको. मोठा लावला की थंडीत डेंगळा फुटतो, म्हणजे फुलाचा दांडा तरारून वर येतो आणि खाली कांदा पोसतच नाही. अंबूबाईने हे कुणाला सांगितलं नव्हतं. शेजारणींना पातीपुरते मूठभर बारके कांदे द्यायची, ज्ञान मात्र स्वतःपाशी.

बयाबाई जतकडची. तिचा नवरा सिद्धू मेंढरं घेऊन फिरायचा; बहात्तरच्या दुष्काळानंतर दोघं वाडीत टेकले ते टेकलेच. बयाबाईचं बोलणं अर्धं कानडी वळणाचं, हसणं मात्र मोकळं. तिने परसात वांगी लावली आणि त्या चंपाषष्ठीला वाडीभर एकच बोलणं झालं, भरीत खावं तर बयाबाईच्या वांग्याचं. पातीचं नाव कुणी काढलं नाही. एवढंच झालं होतं. पण अंबूबाईच्या पोटात ते जे गेलं ते वर्षभर जिरलं नाही.

पुढच्या दसऱ्याला बयाबाई टोपली घेऊन दारात आली. "आक्का, मला बी थोडं कांदं द्या की लावायला. वाफा करून ठिवलाय."

अंबूबाईने जुड्या खाली काढल्या, आणि एकेक कांदा हातात घेऊन निवडायला बसली. लिंबाएवढे झालेले, घरात भाजीला ठेवलेले, तेवढे वेचून तिने टोपलीत टाकले. शेजारची सुलाबाई तिथंच बसली होती.

"आमास्नी गोट्या, आन् हिला असलं!" सुलाबाई म्हणाली. "मन असावं तर असं."

बयाबाईने वाकून नमस्कार केला. तो अंबूबाईने घेतला. पुढे पुष्कळ दिवस तिला दुसरं काही नाही, तो नमस्कारच आठवायचा.

गंमत म्हणजे चंपाषष्ठीला बयाबाईचीच पात पुढे. मोठ्या कांद्याची पात जाड, हिरवीगार, गुडघ्यापर्यंत. लोकांनी नैवेद्याला तीच नेली. अंबूबाई वरवर हसली आणि मनात म्हणाली, थांब, थंडी पडू दे.

पौषात थंडी पडली. बयाबाईच्या वाफ्यात एकजात डेंगळे उभे राहिले, पांढरे गोंडे मिरवत. खाली उकरून बघावं तर मुळं आणि मान, कांदा नावाला नाही. त्याच दिवसांत गावात कांद्याची रोपं लावायची लागण चाललेली. मजुरीने लावणी करणाऱ्या बायकांच्या टोळीची पुढारीण सुलाबाई. तिने बयाबाईला टोळीतून काढलं. "राग मानू नगंस बये. आक्कानं इतकं निवडून दिलं, त्येचं बी तुझ्या हातानं वाटोळं झालं. लोक म्हनत्यात, ही आमच्या वावरात नगं."

त्या संध्याकाळी बयाबाई डेंगळ्यांचा भारा घेऊन अंबूबाईकडे आली. "भाजी करा, आक्का. फुकट जान्यापरास. तुमी इतक्या मनानं दिलं, आन् म्या घालवलं. माझ्या हाताला यश न्हाई."

बोलायची वेळ हीच होती. अंबूबाईने तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून निघालं, "आसूं दे. नशीब एकेकाचं."

भाजी तिने केली, घरच्यांनी मिटक्या मारत खाल्ली, तिने मात्र स्वतःच्या ताटात घेतली नाही. तिला स्वतःची लाज वाटू लागली, आणि ती लाज काही केल्या जाईना. विहिरीवर बायका बयाबाईला घागर आधी भरू देत नसत, तेव्हा अंबूबाई खाली मान घालून दोर ओढायची. कुणी "आक्काचं मन मोठं" म्हणालं की तिला वाटायचं, भर चावडीत आपल्याला उभं केलंय.

दसरा आला. अंबूबाईने जुड्यांतले सगळ्यात चांगले, सुपारीएवढे कांदे निवडले आणि ती स्वतः बयाबाईच्या दारी गेली. गुपचूप भरपाई करायची आणि सुटायचं, असा तिचा हिशेब. सिद्धूकडे लेंडीखत मागायला आलेली सुलाबाई उंबऱ्यावर तंबाखू मळत बसलेली.

बयाबाईने टोपलीत बघितलं. चेहरा एवढासा झाला. "खरं हाय, आक्का," ती हळू म्हणाली. "थोरलं दिलं ते म्या घालवलं. आता बारकंच माझ्या लायकीचं. पर ह्ये बी नगं. ह्ये बी मरंल माझ्या हातानं."

टोपली तिने परत सरकवली. आता गुपचूप सुटायला जागाच उरली नाही. अंबूबाई टोपलीशेजारी खाली बसली.

"तुझ्या हाताला काय बी झाल्यालं न्हाई," ती म्हणाली. "थोरला कांदा लावला की डेंगळा फुटतो. सुपारीपरास मोठा लावायचाच न्हाई. मला ठावं हुतं. म्हनूनच दिलं. वांग्याचा राग हुता माझ्या मनात. सुले, तू बी आईक. आन् सांग समद्यास्नी."

सुलाबाईच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. बयाबाई स्वतःच्या तळहातांकडे बघत होती.

"म्हंजी माझ्या हाताला काय न्हाई?" तिने विचारलं. पुन्हा विचारलं. मग तिचे डोळे भरून आले. "वर्स झालं, आक्का. ह्या हातानं म्या देवाला फूल वाह्यलं न्हाई."

अंबूबाईला वाटलं, आता ही शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बयाबाई उठली, आत गेली आणि सिद्धूच्या पानाच्या चंचीतली एक सुपारी घेऊन आली. टोपली तिने जमिनीवर पालथी केली. एकेक कांदा उचलून ती सुपारीला लावून बघू लागली.

मोठा त्यात एकही नव्हता. तरी तिने शेवटच्या कांद्यापर्यंत मापून बघितलं, आणि तोवर अंबूबाई समोर बसून राहिली.