चादरीतले आल्प्स

लिहिण्याचा मला फारसा अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला, आणि आजवर जे लिहिलं ते बहुतेक प्रयोगशाळेचे अहवाल. त्यातही निष्कर्ष डळमळीत असतो, असं सर म्हणतात. तेव्हा चुकलंमाकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण एक विधान मी छातीठोकपणे करू शकतो: आल्प्समध्ये सायकल चालवण्याची ग्योतोकुच्या काकांइतकी तयारी केलेला आणि तरीही तिथे ती एकदाही न चालवलेला माणूस अख्ख्या जपानात दुसरा सापडणार नाही.

काका माझे नात्याने कोणी लागत नाहीत; ग्योतोकु हा टोकियोजवळचा भाग, ते तिथे राहायचे. ते टोकियोतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचे. मी इथे शिकायला आलो तेव्हा मराठी मंडळींच्या एका जेवणात ते माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, "सायकल येते?" मी हो म्हणालो. सायकल मी गावाकडे दांड्याखालून पाय घालून शिकलो होतो, आणि आमच्याकडचा सर्वांत अवघड चढ म्हणजे एसटी स्टँडसमोरचा गतिरोधक. हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत काका म्हणाले, "ठरलं मग. उन्हाळ्यात आल्प्स." मला वाटलं, युरोप. मग कळलं की नागानोकडच्या डोंगरांनाही इथे आल्प्सच म्हणतात. "तिकडच्या आल्प्सला व्हिसा लागतो, इकडच्याला रजा लागते," काका म्हणाले. "त्यातला व्हिसा मिळतो."

रजेचं खरंच तसंच होतं. दर उन्हाळ्यात काका अर्ज करायचे आणि दर उन्हाळ्यात ऑफिसात कोणाची तरी आई आजारी पडायची, कोणाचं तरी लग्न निघायचं, आणि काका आपणहून आपले दिवस त्यांना देऊन टाकायचे. घरी येऊन म्हणायचे, "बरंच झालं, तयारी अजून कच्ची आहे." काकू आतून म्हणायच्या, "आधी प्लास्टिकचा कचरा ठरलेल्या वारी टाकून दाखवा, मग आल्प्सला जा."

तयारी कच्ची मुळीच नव्हती. मोठ्या भूकंपानंतर इथे बहुतेकांच्या दाराशी एक पिशवी असते: टॉर्च, पाणी, बिस्किटं. काकांच्या पिशवीत पंक्चरचं सामान, अस्वलांसाठी घंटा आणि भाजणीचं पीठही असे. "संकट ते संकट, पिशवी एकच पुरे," असा त्यांचा हिशेब. एकदा संध्याकाळी चांगलाच धक्का बसला. सगळी इमारत खाली उतरली. काका सर्वांत शेवटी आले, हेल्मेट, हातमोजे आणि गुडघ्यांचे पॅड घालून. शेजारच्या आजीबाईंनी त्यांना कमरेत वाकून नमस्कार केला. काकू माझ्या कानात म्हणाल्या, "धक्का थांबला तरी हे पॅडच बांधत होते."

ग्योतोकु सपाट असल्यामुळे सरावाला चढ मिळेना. नदीवरच्या पुलाचा तेवढा उतार होता. काका त्यावरून दोन्ही ब्रेक दाबून उतरत. मी मागून तसाच उतरत असे. एकदा एक बाई बाळाची गाडी ढकलत आम्हाला मागे टाकून गेल्या. "आपण तंत्र शिकतोय," काका म्हणाले. मला फार बरं वाटलं, कारण मी नुसता घाबरलो होतो.

पण काकांची खरी करामत म्हणजे ती चादर. इथे सायकल रेल्वेत न्यायची तर चाकं काढून पूर्ण पिशवीत भरावी लागते. दुकानातली पिशवी काकांना पटेना. त्यांनी काकूंच्या सोलापुरी चादरीची पिशवी शिवली, नाडीसकट. रंगीत तालीम म्हणून आम्ही स्टेशनवर गेलो. तिकिटाच्या फाटकाशी उभ्या असलेल्या रेल्वेच्या माणसाने चादर कौतुकाने पाहिली आणि नम्रपणे वर बोट दाखवलं. सीट बाहेर राहिली होती. काकांनी शांतपणे खिशातून माकडटोपी काढली आणि सीटला घातली. त्या माणसाने वाकून टोपी निरखली. मग त्याने मला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?" काका म्हणाले.

"ही टोपी आहे की पिशवी, असं विचारतोय."

"सांग, आत डोकं असेल तर टोपी, नसेल तर पिशवी."

माझं जपानी प्रयोगशाळेतलं. 'तापमान वाढवू का' एवढंच नीट जमतं. मी काय बोललो कोण जाणे, त्यानेच माझी माफी मागितली आणि आम्हाला आत सोडलं. एक स्टेशन जाऊन आम्ही परत आलो.

मग या वर्षी कंपनीने सांगितलं की काकांचं इथलं काम संपलं, सप्टेंबरात पुण्याला परत. म्हणजे आल्प्ससाठी हाच उन्हाळा. काकूंनी बजावलं, "या वेळी कोणाचं बारसं असलं तरी रजा द्यायची नाही." रजा मंजूर झाली. आणि नेमकं त्याच आठवड्यात सरांनी मला प्रयोगशाळेत अडकवलं. सरांना नाही म्हणायचं मला सुचलंच नाही. काका म्हणाले, "हरकत नाही, मी पुढे होऊन रस्ता बघून ठेवतो," आणि एकटेच गेले.

दोन दिवस काही कळेना. काकू मला फोन करायच्या आणि मी त्यांना. ते अर्ध्या वाटेवरूनच परत फिरले असतील, असं दोघांच्याही मनात होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला.

"पोचलो बरं का. डोंगरही झाला."

"कसा झाला, काका?"

"वर रोपवेने नेतात, सायकलसकट. वरून खाली पाहिलं आणि सायकलवरून उतरलो. मग हातात धरून चालत आलो. सबंध डोंगर." पुढे म्हणाले, "पोरं मागून सुसाट यायची. मी बाजूला व्हायचो. ती सॉरी म्हणायची, मीही म्हणायचो."

"वाईट वाटलं का?"

"छे रे. कडेने निळी फुलं होती. दोनदा बसलोसुद्धा." पलीकडे वारा ऐकू येत होता. मग काका म्हणाले, "ऐक, पुढच्या वर्षी जरा आधीच येऊ. ऑगस्टात गर्दी फार असते."

ग्योतोकुच्या घरात तेव्हा पुण्याला जायची खोकी रचून ठेवली होती. त्यातली निम्मी मीच बांधली होती.

"हो काका," मी म्हणालो. "जुलैच बरा पडेल."