भालूकाकांचा खालचा बर्थ

हॅनॉयहून दा नांगला जायचे तीन मार्ग आहेत: विमान, बस आणि ट्रेन. तिन्ही मार्गांनी भालूकाका येतात. ही माहिती व्हिएतनामच्या कुठल्याही वेबसाइटवर नाही, म्हणून आधीच देऊन ठेवतो.

भालूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलत भाऊ. वय चौऱ्याहत्तर. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात, लॅबमध्ये, आयुष्यभर लोकांचं रक्त तपासलं. निवृत्त झाल्यापासून ते आमचं पितात, असं माझी बायको मीनल म्हणते. (प्रेमाने म्हणते. निदान पूर्वी प्रेमाने म्हणत असे.) काकू जाऊन सहा वर्षं झाली, लेक ग्लासगोला असते, आणि आम्ही राहतो मिल्टन कीन्सला, म्हणजे काकांच्या घरापासून गाडीने जेमतेम दीड तासावर. ग्लासगोपेक्षा आम्ही जवळ, म्हणून काका आमच्या वाट्याला आले.

व्हिएतनाम आमच्या इराने निवडलं. ती सप्टेंबरात साउथहॅम्प्टनला युनिव्हर्सिटीत जाणार होती, आणि त्याआधी जुलैच्या शेवटी एक सहल तिच्या मनासारखी करायची असं ठरलं होतं. मीनलची अट एकच होती.

"फक्त आपण तिघं."

"अर्थात," मी म्हणालो.

"अर्थात नाही, नितीन. कॉर्नवॉलला माझे आईबाबा होते. लेक डिस्ट्रिक्टला तुझी आत्या होती. पॅरिसला तर तुझा ऑफिसातला मित्र बायकोपोरांसकट होता, आणि आपण त्यांना आयफेल टॉवरखाली मेथीचे ठेपले वाटले. अठरा वर्षांत आपण तिघं एका खोलीत शांतपणे बसलेलो नाही. आता पोरगी निघाली. ही शेवटची संधी आहे."

तिचे डोळे भरून आले होते. मलाही भरून आलं. अशा वेळी माणसाने बायकोला जवळ घ्यावं. मी लॅपटॉप उघडून एक्सेल शीट केली.

मीनलचं मत विमान: सव्वा-दीड तासात काम खलास. इराचं मत स्लीपर बस, कारण तिने व्हिडिओत पाहिलेल्या बसमध्ये जांभळे दिवे लागत होते. माझं मत ट्रेन. एका बाजूला समुद्र, एका बाजूला डोंगर, सोळा-सतरा तास बायको आणि मुलगी समोर, पळून जायला कुणालाही जागा नाही! मी आय.टी.त प्रोजेक्ट मॅनेजर आहे. वेळ, सोय, निसर्ग, कौटुंबिक जिव्हाळा असे रकाने पाडून प्रत्येकाला मी अशा बेताने गुण दिले, की ट्रेन आपोआप पहिली आली.

अडचण एकच निघाली. ट्रेनच्या केबिनमध्ये चार बर्थ असतात.

"म्हणजे चौथा कुणीतरी अनोळखी?" मीनलने विचारलं. "सोळा तास?"

"चौथंही तिकीट आपणच काढू. बर्थ रिकामा ठेवू," मी म्हणालो, आणि लग्नानंतर प्रथमच तिने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

आता त्या वेबसाइटला चौथ्या बर्थसाठी नाव आणि पासपोर्ट नंबर हवा होता. तो मी कुठून आणणार? तर माझ्याच लॅपटॉपमधून! इंग्लंडातल्या आमच्या समस्त नातेवाइकांचे फॉर्म मी भरतो. व्हिसा असो, कौन्सिल टॅक्स असो, गॅसच्या मीटरचं रीडिंग असो, "नित्याला सांगा, तो ऑनलाइन करतो." त्यामुळे अर्ध्या खानदानाचे पासपोर्ट माझ्याकडे जपून ठेवलेले आहेत. मी नुसतं 'बी' टाइप केलं, आणि भालचंद्र हे नाव, जन्मतारीख, पासपोर्ट, ईमेल सगळं धाडधाड आपोआप भरलं गेलं. व्हिएतनामात कोण विचारायला बसलंय, असं म्हणून मी बटण दाबलं. ईमेलच्या रकान्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही. तिकीट ज्याचं त्याला ईमेलने जातं, हे मला नंतर कळलं.

सकाळी सात वाजता फोन आला.

"नित्या, तिकीट मिळालं रे."

"कसलं तिकीट, काका?"

"हॅनॉय ते दा नांग. त्यातही खालचा बर्थ दिलास. माझ्या गुडघ्यांची आठवण ठेवलीस."

माझ्या हातातला चहा तिथल्या तिथे गार झाला असावा. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग पुन्हा आला. मग काका घोगऱ्या आवाजात म्हणाले, "काकू गेल्यापासून मला कुणी कुठे चला म्हणालं नव्हतं."

त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "हो, काका." माझा गुन्हा तेवढाच, दोन शब्दांचा.

मीनल टोस्टला बटर लावत होती. मी सगळं सांगितलं, तशी सुरी तिच्या हातात तशीच राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अतिशय हळू आवाजात म्हणाली, "नितीन, तू त्यांना फोन करून सांगणार आहेस. आज."

"सांगतो ना."

"काय सांगशील?"

"असं सांगतो, की त्यांना आपणहून यावंसंच वाटणार नाही."

आता यात माझा स्वभाव आला. मला नाही म्हणता येत नाही. पण समोरच्याला नाही म्हणायला लावण्याचा मी खूप प्रयत्न करतो.

संध्याकाळी मी फोन लावला. "काका, ट्रेनचा बेत जरा बदलतोय. स्लीपर बसने जायचं म्हणतोय." आणि मग मी त्या बसचं असं वर्णन केलं, की माझ्याच अंगावर काटा आला. आत शिरताना चपला काढून पिशवीत घालायच्या. दोन मजली फडताळात भाकऱ्यांसारखं थापून झोपायचं. पाय पसरायला जागा नाही. एसीने हाडं गोठतात. ड्रायव्हर रात्रभर हॉर्न वाजवतो.

"म्हणजे झोपून जायचं?" काका म्हणाले. "उत्तम. मला बसूनच त्रास होतो."

दोन दिवसांनी त्यांनी लोकरीच्या मोज्यांचा आणि कानात घालायच्या बोळ्यांचा फोटो पाठवला.

मग मी विमान काढलं. "काका, बस रद्द. विमानाने जातोय, पण हातातलं सामान सातच किलो. त्यात तुमचं भागणार नाही."

"माझी बॅग पाच किलोची आहे. दोन किलो तुमचं घेतो."

घरात मी डोकं धरून बसलो. इरा सोफ्यावरून म्हणाली, "बाबा, तू काकांना मोटरबाइकचा सांग ना. देअर इज अ माउंटन पास, लोक बाइकवर जातात. सेव्हंटी-फोरला कोण बाइकवर बसेल?"

बुडत्याला काडीचा आधार! मी तिसऱ्यांदा फोन केला. सातशे-आठशे किलोमीटर, घाट, ट्रक, ऊन, पाऊस.

काका बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, जिंकलो. मग ते म्हणाले, "मी मागे बसेन. पण हेल्मेट इथूनच नेऊ."

मीनलने माझ्या हातून फोन काढून घेतला आणि बंद करून टेबलावर उलटा ठेवला. "रविवारी त्यांच्या मंडळाचा कार्यक्रम आहे ना? आपल्याला बोलावलंय. आपण जायचं. तू त्यांना बाजूला घेशील आणि तोंडाने, मराठीत, खरं सांगशील. नाही सांगितलंस तर मी आणि इरा व्हिएतनामला जाऊ, तू आणि काका बाइकवर जिथे जायचंय तिथे जा."

रविवारी आम्ही नॉटिंगहॅमला पोचलो. कम्युनिटी हॉलमध्ये काकांच्या मंडळाचं उन्हाळी संमेलन होतं. पन्नास-साठ मंडळी, बटाटेवडे, आणि एकही खिडकी उघडत नव्हती. मी काकांना शोधत होतो, तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षबाईंनी माईक हातात घेतला.

"आजकालची मुलं म्हाताऱ्यांना विचारत नाहीत, असं आपण म्हणतो. पण आज आपल्यात असा एक पुतण्या आहे, की जो आपल्या काकांना स्वखर्चाने व्हिएतनाम दाखवतोय."

मी मागे वळून पाहिलं, हा कोण सद्गृहस्थ म्हणून. मागे भिंत होती.

कुणीतरी मला हाताला धरून पुढे नेलं. खांद्यावर शाल आली, त्या उकाड्यात, जुलै महिन्यात. हातात नारळ आला. टाळ्या झाल्या. मीनलही टाळ्या वाजवत होती, पण तिचे दात मला दिसत होते. आणि मग बाई म्हणाल्या, "नितीनने दोन शब्द बोलावेत."

मी ठरवलं, हीच वेळ. आता सगळ्यांसमोर सांगून मोकळं व्हायचं. होऊ दे काय व्हायचं ते.

"खरं सांगायचं तर," मी म्हणालो, "मी या सत्काराला लायक नाही. ते तिकीट मी काकांसाठी काढलंच नव्हतं."

मी शालीच्या टोकाने घाम पुसला.

"आम्हाला तो बर्थ रिकामा ठेवायचा होता. फॉर्ममध्ये कुणाचं तरी नाव घालायचं होतं, ते घातलं. काकांना ईमेल गेला तो चुकून गेला. मी काहीही केलेलं नाही."

पहिल्या रांगेतल्या एका आजींनी पदर डोळ्यांना लावला. "बघा," अध्यक्षबाई गदगदून म्हणाल्या, "केलं तरी 'मी केलं' म्हणत नाही. याला म्हणतात संस्कार." टाळ्यांनी छत खाली यायचं बाकी राहिलं. एका बाईने शेजारी बसलेल्या आपल्या मुलाकडे असं पाहिलं, की तो बिचारा वडा अर्धा टाकून बाहेर गेला. मी जन्मात इतकं खरं कधी बोललो नव्हतो, आणि माझ्यावर कुणी इतका अविश्वासही दाखवला नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर काका आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आले. इरा आत बसली. मीनल दाराशी उभी राहिली. मी नारळ या हातातून त्या हातात घेत होतो.

"तुझं भाषण," काका म्हणाले, "त्या हॉलमध्ये फक्त मला कळलं."

मी गाडीला टेकलो. "काका, मला माफ करा. मी त्या दिवशीच सांगायला हवं होतं."

"अरे, मला त्या दिवशीच माहीत होतं. तू मला वाढदिवसाला फोन करत नाहीस. बर्थ कुठून देणार?"

"पण तुम्ही फोनवर रडलात."

"जून महिना होता. मला परागकणांची अ‍ॅलर्जी आहे, हे-फीवर."

मीनलच्या तोंडून कसलासा आवाज आला. मी तिच्याकडे पाहिलं नाही. "मग तुम्ही बसने यायला तयार झालात, बाइकवर..."

"मला बघायचं होतं, तू नाही म्हणणं टाळायला आणखी किती लांब जातोस. बाइकच्या वेळी मात्र मी हबकलो. म्हटलं, हा गाढव खरंच नेईल."

"म्हणजे तुम्हाला यायचंच नव्हतं?"

"कोण म्हणतं?" काकांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. लंडन ते हॅनॉय, त्यांच्या स्वतःच्या नावाचं, स्वतःच्या पैशाचं तिकीट. "मला सहा वर्षं कुठेतरी लांब जायचंय. पण एकटा म्हातारा व्हिएतनामला निघाला म्हटलं, की लेक ग्लासगोहून येऊन माझी मेमरी टेस्ट करायला नेते. पुतण्या नेतोय म्हटलं, की लोक टाळ्या वाजवतात. तुझ्या त्या ईमेलने माझं काम झालं. लेकीला मी तोच दाखवला."

मीनलने पुढे होऊन त्यांचा हात धरला. मघापासून दाबलेलं हसू आणि रडू तिला एकदमच आलं होतं. "काका, तुम्ही आमच्याबरोबरच चला. मनापासून सांगते."

मला वाटलं, ही खरंच माझी बायको ना?

"नको गं," काका म्हणाले. "तुम्ही तिघं जा. पोर आता घराबाहेर पडणार, तिच्याशी बोला. दा नांगला एका संध्याकाळी जेवायला भेटू, चौघांचा फोटो काढू, लेकीला पाठवायला लागेल."

माझी सुटका झाली होती. बायकोची अट पाळली जाणार होती, काकांचं मन मोडलं नव्हतं, वर शाल मिळाली होती. मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मी काय म्हणालो असेन?

"पण काका, निदान ट्रेनने तरी चला. तुमचा खालचा बर्थ आहे."

"त्यावर बॅगा ठेवा. मी हॅनॉयहून विमानाचं काढलंय."

"पण ट्रेनमधून समुद्र दिसतो."

"दिसत असेल," काका माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाले. "पण सोळा तास तुझ्याबरोबर एका खोलीत, नित्या? माझं आता वय झालं."

परतीच्या वाटेवर, मोटरवेवर, न राहवून मी मीनलला विचारलं, "माझ्याबरोबर सोळा तास काढणं इतकं कठीण आहे का?"

"समोर बघून चालव," मीनल म्हणाली.

मागच्या सीटवर इरा बराच वेळ फोनमध्ये काहीतरी शोधत होती. तिने मान वर न करता विचारलं, "बाबा, काकाचा फ्लाइट आहे ना, त्याच्यामध्ये अजून दोन सीट्स आहेत. आय मीन, जस्ट फॉर मी अँड आई?"